झऱ्यापुढे बांधलेला मोर्चा

धान कापून झालं होतं आणि बांध्यांत भाऱ्यांचे पुंजणे रचून ठेवले होते, त्या आठवड्यातली गोष्ट. माझी मुलगी कॉलेजातून आली आणि दप्तर खाटेवर टाकून भिंतीकडे तोंड करून बसली. ती तेव्हा बीएच्या दुसऱ्या वर्षाला होती. साकोलीला वादविवाद स्पर्धा होती. तिच्या कॉलेजाने तिला निवडलं होतं. कोणी कोणत्या बाजूने बोलायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं.

विषय असा होता : लहान देशांना लष्करी युतीत घेणं धोक्याचं आहे. तिला निघालेली चिठ्ठी अनुकूल बाजूची. म्हणजे हो, धोक्याचं आहे, घेऊ नका, असं तिने बोलायचं.

"मी नाई बोलत," ती म्हणाली.

तिची आई पोपटीच्या शेंगा सोलत होती. तिने विचारलं, "काहून?"

"लहानाले कोणी जवळ घेऊ नका, असं मी बोलू? आपल्या घरात जन्मून?"

तिला काय म्हणायचं होतं ते आम्हा दोघांनाही कळलं. तिचा पणजोबा छप्पन साली दीक्षेला अड्याळहून नागपूरला पायी गेला होता. एकटा गेला असता तर परत आल्यावर गावात उभा राहू शकला नसता, सगळ्यांसोबत गेला म्हणून ताठ उभा राहिला, हे ती बोलायला लागली तेव्हापासून ऐकत आली होती. एकट्या लहान माणसाने मोठ्या जमावात सामील व्हावं, हाच तर आमच्या घरचा धडा. आता त्याच्या विरुद्ध बोलायचं.

"नाव कापून टाकायले सांगतो उद्या मॅडमले," ती म्हणाली.

मी फौजेतून हवालदार म्हणून परतलो त्याला बरीच वर्षं झाली होती. घरी फौजेबद्दल मी फारसं बोलत नसे. त्या दिवशी मात्र तोंडातून निघून गेलं, "बाजू बरोबर आहे तुही. बोल."

ती माझ्याकडे वळली. "तुमी असं म्हणता?"

"जवळ घेणं वेगळं आन् जबान देणं वेगळं."

"काय फरक आहे त्यात?"

मी उठून शेताकडे निघून गेलो. फरक काय ते सांगायचं तर एक गोष्ट सांगावी लागणार होती, आणि ती मी बायकोलाही सांगितली नव्हती.

पुढचे दोन दिवस मुलीने नाव कापलं नाही, पण तयारीही केली नाही. कॉलेजातून पुस्तकं आणली होती, ती उघडून नुसती बघत बसे. एकदा तिने आईला मोठ्याने वाचून दाखवलं. युतीचा करार असा असतो की एका देशावर हल्ला झाला तर तो सगळ्यांवर झाला असं समजायचं. "किती चांगली गोष्ट आहे पाह्य ना आई," ती म्हणाली. "लहान देशावर कोणी हात उचलला, तर सगळे धावून येतीन."

मी अंगणात विळ्याला मूठ बसवत होतो. ते वाक्य मी याआधी ऐकलं होतं. जवळजवळ तसंच्या तसं. मी विळा खाली ठेवला आणि तिला हाक मारली, "चल, शेतात चल माह्यासोबत."

बांधावर बसून मी तिला सांगितलं.

मी तेव्हा नाईक होतो. डोंगराच्या एका सोंडेवर आमची चौकी होती. माझ्या हाताखाली आठ जण. खालच्या तळापासून आमच्यापर्यंत एकच वाट, खेचरं चढतील एवढीच रुंद. समोर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर, पलीकडच्यांची चौकी. मधल्या घळीत एक झरा होता. बर्फ पडायला अजून महिना होता, त्या दिवसांत पाणी तेवढंच. सकाळी पलीकडचे पाणी भरत, दुपारनंतर आम्ही. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. आमच्या आधीच्या तुकडीपासून तसंच चालत आलं होतं.

एक दिवस तळावरून साहेब आले. आम्हाला उभं करून ते म्हणाले, तुमच्या चौकीवर एक गोळी आली तर ती अख्ख्या पलटणीवर आली असं आम्ही समजू. तुम्ही नऊ जण नाही, आठशे जण आहात.

"तुमाले कसं वाटलं?" मुलीने विचारलं.

"छाती अशी फुगली," मी म्हणालो. "एका रातीत उंच झालो असं वाटलं."

साहेब गेले आणि मला वाटू लागलं, सकाळचं पाणी त्यांना काहून द्यायचं? आपल्यामागे आठशे आहेत. मी पोरांना कामाला लावलं. दगड आणि वाळूची पोती रचून आम्ही झऱ्याच्या पुढे, पलीकडच्या अंगाला भिंत उभी केली. फौजेत त्याला मोर्चा म्हणतात. कोणी हुकूम दिला नव्हता. तळावर कळवलंही नाही. आमचा स्वयंपाकी होता, माझ्याहून वयाने मोठा, हसतमुख माणूस. तो एवढंच म्हणाला, "उस्ताद, वो लोग पानी कहां से पिएंगे?" मी म्हणालो, ती आपली फिकीर नाही.

तीन दिवस पलीकडचे गप्प राहिले. चौथ्या दिवशी पहाटे तोफगोळे सुरू झाले.

वायरलेसवर तळाने सांगितलं, निघालो, टिकून राहा. आणि ते निघालेही. खोटं बोलले नाहीत ते, हे मी मुलीला दोनदा सांगितलं. पण गोळ्यांच्या हादऱ्याने की कशाने, ती एकुलती वाट मध्येच खचली. आठशे माणसं खाली, आम्ही वर, आणि मध्ये दरड. ज्या झऱ्यासाठी मी भिंत बांधली होती, तिथे आता कोणाला डोकं वर काढता येत नव्हतं. गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांना तहानेने भोवळ आली. स्वयंपाकी जरीकेन घेऊन सरपटत निघाला. मी नको म्हणालो की नाही, मला खरंच आठवत नाही. परत येताना गोळ्याची कपची त्याच्या मांडीत शिरली. पाणी मात्र त्याने आणलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी कुमक पोहोचली. स्वयंपाकी त्या सकाळीच गेला होता.

मुलगी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तुमाले काही झालं नाई? शिक्षा?"

"कागदावर पलीकडच्यांनी बिनकारण गोळीबार केला असं लिहिलं. मोर्चा पुढे काहून होता, हे कोणी विचारलं नाही."

"आन् तुमी सांगतलं नाई."

"नाई."

तिने मान फिरवली. त्या घटकेला मला वाटलं, हिच्या मनातून मी उतरलो. पण ती विचार करत होती. तिने एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली, वकिलासारखे. साहेबांनी जबान दिली नसती तर तुमी मोर्चा पुढे नेला असता काय? नाही. पलीकडच्यांनी तुमाले त्याआधी त्रास दिला होता काय? नाही. वाट एकच आहे, हे साहेबांना माहीत नव्हतं काय? होतं.

"मग त्याईनं जबान द्याच्या आधी दुसरी वाट बांधाले पाहिजे होती," ती म्हणाली आणि उठली. "चला घरी. मले लिहायचं आहे."

त्यानंतर आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. ती पहाटे उठून मोठ्याने बोलून बघे. पहिल्या महायुद्धात एका लहान देशाच्या भांडणात करारांनी बांधलेले मोठे देश एकामागून एक कसे ओढले गेले, ते तिने पाठ केलं. पोलंडला मदतीचं वचन मिळालं होतं आणि वेळेवर सैन्य पोहोचलं नाही, तेही. माझी गोष्ट तिने घेतली नाही. "ते तुमचं आहे," ती म्हणाली. "तुमाले सांगायचं असन तवा तुमी सांगा."

स्पर्धेच्या दिवशी मी तिला मोटरसायकलवर साकोलीला नेलं. सभागृहात मागच्या रांगेत बसलो. तिच्या विरुद्ध बपेरा गावाची एक मुलगी होती. उंच, खणखणीत आवाजाची. ती म्हणाली, लहान देशाला एकटं ठेवणं म्हणजे मोठ्या शेजाऱ्याला आमंत्रण देणं. युतीत आलेल्या देशावर हात टाकायला कोणीही दहा वेळा विचार करतो. टाळ्या पडल्या. खरं सांगायचं तर तिचं बोलणं मलाही पटत होतं.

मग माझी मुलगी उठली. ती म्हणाली, लहान देश नको म्हणून मी उभी नाही. पाळता न येणारं वचन नको म्हणून उभी आहे. वचनाने लहान देशाला बळ येत नाही, नुसता धीर येतो, आणि त्या धीराच्या भरात तो एखादं पाऊल पुढे टाकतो. शेजारी चवताळतो. मग मोठ्यांपुढे दोनच गोष्टी उरतात. सगळ्यांनी लढाईत उतरायचं, नाहीतर शब्द मोडायचा. दोन्हीत पहिल्यांदा मरतो तो लहानच.

परीक्षकांपैकी एका प्राध्यापकांनी तिला अडवलं. "मग लहानाने काय मुकाट्याने मरावं का?"

मी पुढे सरकून बसलो.

"नाही सर," ती म्हणाली. "त्याच्यापर्यंत पोचायची वाट आधी बांधावी. किती माणसं, किती दिवसांत, कोणत्या रस्त्याने येतील, हे त्याला खरं खरं सांगावं. आणि त्याचं शेजाऱ्याशी जे काही गोडीने चाललं असेल, ते मोडू नको म्हणून बजावावं. एवढं होत नसेल तर सोबत आहे असं म्हणू नये."

तिला तिसरा नंबर मिळाला. पहिला बपेऱ्याच्या मुलीला.

बाहेर हायवेच्या कडेला चहाच्या टपरीवर आम्ही थांबलो, तर ती पहिली आलेली मुलगी तिथेच बसची वाट बघत उभी होती. दोघींची लगेच जुंपली. ती म्हणाली, "वाट बांधून होईपर्यंत लहान देश राहीन काय?" माझी मुलगी म्हणाली, "आन् वाटेबिगर जबान दिली तर राहीन काय?" बोलण्यात मी फौजेत होतो हे निघालं, तशी ती मुलगी माझ्याकडे वळली. "काका, तुमी फौजेत होते ना? तुमीच सांगा."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिने मला वाचवायचा प्रयत्न केला नाही, की बोला असंही सुचवलं नाही.

मी म्हणालो, "उत्तर मले पुरं येत नाई बाई. पण एक चूक मी स्वतः केली आहे, ते सांगतो. बस यायले वेळ आहे काय?"

"आहे," ती म्हणाली आणि बाकावर सरकून जागा केली.

मी बसलो आणि सुरुवातीपासून सांगितलं. मोर्चा पुढे न्यायला कोणी सांगितलं नव्हतं, तेही. स्वयंपाक्याबद्दलही सांगितलं, त्याच्या गावाचं नाव घेऊन. टपरीवाला भांडी विसळायचं थांबून ऐकत होता. सांगून झाल्यावर त्या मुलीने लगेच हार मानली असं झालं नाही. ती म्हणाली, "तरी काका, साहेबानं जबान दिली नसती आन् त्याईनं आधीच हल्ला केला असता तर?" मी म्हणालो, "तेही होऊ शकलं असतं." तिची बस आली. चढता चढता तिने माझ्या मुलीचा फोन नंबर मागून घेतला.

घरी पोहोचल्यावर मी वही घेतली आणि पलटणीच्या पत्त्यावर पत्र लिहायला बसलो. मोर्चा मी, माझ्या मनाने, झऱ्यापुढे नेला होता, हे पहिल्याच ओळीत लिहिलं. बायकोने वाचलं आणि विचारलं, "आता इतक्या वर्षांनी कोण वाचीन जी हे?"

"वाचो न वाचो," मी म्हणालो, आणि दुसरी ओळ लिहायला घेतली.