साडूभाऊंचं सोनं

ज्याच्या तोंडून सोन्याचा आजचा भाव कधीच ऐकायला मिळत नाही, असा मराठी माणूस उभ्या अमेरिकेत एकच: माझे साडू. सोन्याचं वेड त्यांच्याइतकं कुणालाच नाही, पण ते दागिन्यांचं नव्हे. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि सारं जग तिकडे धावत सुटलं, त्या काळातल्या नाण्यांचं. आमच्या चँडलर गावातली, कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात राबणारी माणसं शनिवारी क्रिकेट खेळतात. साडूभाऊ भिंग घेऊन बसतात. बायकोच्या हातात पाटल्या आहेत की तोडे, हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही, पण नाण्यावरच्या गरुडाचं एखादं पीस झिजलेलं दिसलं की त्यांचं जेवणावरचं लक्ष उडतं. ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, म्हणते, "गोल आणि जुनी होतेच आहे मी. बघू, कधीतरी माझ्याकडेही लक्ष जाईल."

नाणी दाखवायचा त्यांचा थाट देवघरातला. मखमल अंथरायची, हातमोजे चढवायचे. "कडेनं धरा. आणि त्याच्यावर तोंड आणून बोलू नका, थुंकी उडते." मी तर झोपेतसुद्धा बोलणारा माणूस. धोका नको म्हणून श्वासच रोखून धरला. मी लालबुंद झालेला पाहून माझी मुलगी ओरडली, "डॅड, आर यू ओके?" साडूभाऊ मात्र कृतार्थ झाले. "बघितलंत? नाणंच असं आहे, माणूस श्वास घ्यायला विसरतो!"

एका सुट्टीत त्यांनी आम्हाला कॅलिफोर्नियातल्या एका नदीवर नेलं. तिथे हौशी लोकांना परात देतात आणि वाळू धुवून सोनं शोधू देतात. सगळ्या वाटेनं मी त्यांची यथेच्छ टिंगल केली. मग माझ्या परातीत काहीतरी चमकलं, आणि मला पाण्याबाहेर काढणं कुणाला जमेना. एक चप्पल वाहून गेली, कंबर धरली, तरी मी वाळू उपसतोच आहे. अखेर तो कण साडूभाऊंपुढे धरला. त्यांनी भिंग लावलं. "अभ्रक आहे." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईनं म्हणाले, "पण फार सुरेख अभ्रक आहे हो."

यंदा त्यांची नोकरी गेली. काही महिने वाट पाहून त्यांनी नाणी विकायला काढली, आणि दुकानात सोबतीला मला नेलं. सांत्वनाची वाक्यं मी घरूनच पाठ करून गेलो होतो. त्यांनी एकेक नाणं शांतपणे काउंटरवर ठेवलं. सगळं आटोपल्यावर त्यांची नजर कोपऱ्यातल्या मोडीच्या डब्यात गेली. तिथलं एक चेपलेलं, भोक पाडलेलं सोन्याचं नाणं उचलून त्यांनी पाकीट काढलं.

"साडूभाऊ, अहो, आपण विकायला आलोय!"

"पुतळी आहे हो ही," ते म्हणाले. "आपल्याकडे माळेत ओवतात ना, तशी."

परतताना गाडीत ते नाणं बोटांत फिरवत होते. पार उत्तरेकडे, ईडन प्रेरीला एक इंटरव्ह्यू झालाय, जमलं तर महिन्याभरात तिकडे जाऊ, असं मध्येच म्हणाले. मग नाणं उन्हाकडे धरून त्या भोकातून बघत म्हणाले, "खाणीवर गेलेल्या कुणीतरी बायकोला पाठवलं असेल. तिनं गळ्यात घातलं. तो परत आला की नाही, कोण जाणे."

पाठ केलेल्या वाक्यांपैकी एकही मला आठवेना. सिग्नल हिरवा झाला होता. मागच्यानं हॉर्न मारेपर्यंत मी गाडी हलवली नाही.