मागून आजोबांची, पुढून उद्याची

मित्राने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, 'इस्त्री बघ कशी पळते.'

शेताच्या कडेने एक गाडी चालली होती. पुढून लांबलचक, टोकाला निमुळती. दिव्यांच्या जागी आडवी एकच उजेडाची पट्टी, दाराला कडी नाही, खिडकीला चौकट नाही. इस्त्रीच. पण कॅमेरा फिरला, गाडी मागून दिसली आणि मी गादीवर उठून बसलो. मागून ती चक्क जुन्या काळातली मोटार होती! गोल गुबगुबीत पाठ, चाकं अर्धी झाकणारे पत्रे, पाठीवर बांधलेली स्टेपनी, नंबरच्या पाटीवर इवलासा दिवा. आवाज मात्र शून्य. व्हिडिओभर फक्त कोंबड्या ऐकू येत होत्या.

शोधाशोध केल्यावर कळलं, नंदुरबार जिल्ह्यात नवापूर तालुक्यात चिंचपाड्याजवळ विनीता नावाची एक मुलगी आहे, तिने ही बनवली. बारावीनंतर माझा आणि पुस्तकांचा संबंध सुटला, पण कुणी काही वेगळं बनवलंय म्हटलं की मला घरी बसवत नाही. तिला मेसेज टाकला, येऊ का? उत्तर आलं, 'या. रविवारी आजोबांना घेऊन वरच्या पाड्यावर जाणार आहोत. गाडी पहिल्यांदाच चढ चढणार आहे. उशीर केलात तर थांबणार नाही.'

मी शुक्रवारी पहाटे सिन्नरहून बाइक काढली. आता मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे की मला दोन दिवस मोकळे दिले तर मी सरळ कुठेच पोचत नाही. धुळ्याहून साक्री, कोंडाईबारी घाट, विसरवाडी असा सरळ रस्ता चिंचपाड्याला जातो. तुम्ही जाल तर त्यानेच जा. मी गेलो नंदुरबारला, कारण कुणीतरी म्हणालं होतं की या दिवसांत तिथे मिरच्या वाळत घालतात.

आणि घालतात हो! गावाबाहेर मोकळ्या जमिनीवर नजर जाईल तिथवर लाल. याला पथारी म्हणतात. बायका तोंडाला फडकं बांधून मिरच्या खालीवर करत होत्या आणि मी रस्त्याच्या कडेला उभा राहून नुसता शिंकत होतो. टपरीवरचे काका हसून हसून लाल.

"कथाईन ऊना भाऊ?" त्यांनी विचारलं. अहिराणी मला बोलता येत नाही, पण कळते.

"सिन्नरहून. चिंचपाड्याला गाडी बघायला चाललोय."

"गाडी देखाले? तुन्हा गावले गाड्या नही शेतस का?"

मी व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला, मोबाइल उलटा करून बघितला. "हाई तं दोन गाड्या शेतस," म्हणाले. "एक येई ऱ्हायनी, एक जाई ऱ्हायनी." आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. शिंकांची करमणूक झाली म्हणे.

शनिवारी दुपारपर्यंत चिंचपाडा गाठायचं होतं. पण लॉजवर एकाने सांगितलं की अक्कलकुव्याच्या बाजाराला डोंगरातली माणसं उतरतात, बघण्यासारखं असतं. चिंचपाडा दक्षिणेला, अक्कलकुवा उत्तरेला. मी उत्तरेला. पोचल्यावर कळलं की बाजाराचा दिवस आज नाहीच. हायवेवर गुजरातकडे जाणारे ट्रक मोजत दादर ज्वारीची भाकरी आणि शेवभाजी खाल्ली. भाकरी मऊ, भाजी डोळ्यांतून पाणी काढणारी. तेवढ्यासाठी फेरा वसूल, पण तुम्ही बाजाराचा दिवस विचारून जा. मग गाडी जी दामटली ती तापी ओलांडून, नंदुरबार, खांडबारा, विसरवाडी करत दिवे लागायच्या आत चिंचपाड्यात.

विनीताचं घर गावापासून थोडं आत, शेतात. अंगणात पत्र्याची शेड आणि शेडमध्ये ती. गाडी आणि विनीता, दोन्ही. चोविशीची असेल. नवापूरला आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकली, मग सुरतेकडे एका कारखान्यात बसच्या बॉड्या जोडायची.

"आलात? आम्हाला वाटलं तुम्ही वाट चुकलात."

"चुकलो नाही. वळलो."

ती हसली. मी गाडीभोवती चकरा मारायला लागलो. दाराच्या पत्र्यावर हात ठेवला की दार आपोआप सरकतं. छपरावर सौरऊर्जेची पातळ पट्टी. चालणारं सगळं दोन भंगार ई-रिक्षांमधून काढलेलं, मोटरी मागच्या चाकांपाशी, बॅटऱ्या सीटखाली. पाठ मात्र हाताने ठोकून ठोकून गोल केलेली.

"पुढून अशी आणि मागून तशी का?" मी विचारलंच.

"आजोबांना मागचीच माहीत होती ना."

तिचे आजोबा, फुलजीबाबा, अंगणात खाटेवर बसलेले होते. उजवा पाय खाटेवर सरळ लांब. ते लहान असताना वरच्या पाड्यावर राहायचे. एक लाकडाचा ठेकेदार मोटार घेऊन जंगलात यायचा. चढावर मोटार दर वेळी अडकायची आणि पाड्यावरची पोरं बोलावून तो ढकलायला लावायचा. वर पोचली की प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा. आत बसायला मिळायचं नाही, पुढे जायलाही नाही, धूळ उडवत मोटार निघून जायची. त्यामुळे आजोबांना त्या मोटारीची पाठ हातानेच पाठ आहे. कुठे पत्रा वळतो, कुठे खिळा टोचतो, दिवा किती उंचीवर. पुढचं तोंड कसं होतं म्हणून विनीताने विचारलं तर म्हणाले, ते ठेकेदाराला विचार.

"मग पुढचं मी ठरवलं," विनीता म्हणाली. "सगळे इस्त्री म्हणतात. म्हणू दे."

"पण इंजिन नाही, तर एवढं लांब नाक कशाला?"

तिने मला पुढच्या सीटवर बसवलं. पायासमोर भिंतच नव्हती. नाक आतून पोकळ, पाय पार पुढपर्यंत लांब करता येतात. तेव्हा मला खाटेवरचा तो सरळ पाय आठवला.

आजोबा ताडाच्या झाडावरून पडले होते. गुडघा वाकतच नाही. रिक्षात बसता येत नाही, जीपमध्ये नाही, मोटरसायकलवर तर नाहीच. एकदा पिकअपमध्ये मागे आडवं झोपवून नेलं तेव्हा ते वाटेतूनच परत फिरले. म्हणाले, पोत्यासारखा बहिणीच्या दारात जाणार नाही. त्यांची मोठी बहीण, जानीआजी, अजून वरच्या पाड्यावरच. तिला खाली उतरवत नाही, ह्यांना वर जाता येत नाही. कित्येक पावसाळे भेट नाही. गाडीची मागणी त्यांनीच केली होती आणि मागण्या दोन. बसून जाणार. आणि कुणी ढकलणार नाही.

त्या रात्री मला नागलीची भाकरी, उडदाची डाळ आणि भात मिळाला, वर ओसरीत अंथरूण. ओळखपाळख काय, तर मोबाइलवरचे दोन मेसेज. मी पुष्कळ फिरलोय, पण वाढताना 'अजून' शब्द इतक्यांदा फार थोड्या घरांत ऐकला.

रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपून निघालो. विनीता चालवायला, शेजारी आजोबा, इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून. (हो, इस्त्री. त्यावरून विनीताचा चुलतभाऊ राकेश दिवसभर हसत होता.) पाय नाकात लांब सोडलेला आणि पायाशेजारी एक गाठोडं. त्यात काय, विचारलं तर आजोबा नुसते हसले. मी आणि राकेश बाइकवर मागून.

सपाटीवर गाडी अशी सरकत गेली की रस्त्यातल्या म्हशीसुद्धा उशिरा बघायच्या. पुढे डांबर संपलं, ओहोळ ओलांडला आणि चढ लागला. चढ म्हणजे चढच. माझी बाइक पहिल्या गिअरमध्ये कण्हत होती. विनीताने वेग अगदी कमी केला, माणसाच्या चालीएवढा. तिने तसंच ठरवलं होतं, सावकाश पण न थांबता.

आणि इथे घोळ झाला. रविवार असल्याने प्रार्थनेहून परतणारी माणसं त्याच रस्त्याने वर चालली होती. त्यांनी बघितलं, गाडी चढावर आहे, हळू आहे आणि आवाज नाही. चढावर ज्या गाडीचा आवाज येत नाही ती बंद पडलेली असते, हे त्या भागात लहान पोरालाही ठाऊक. कुणी कुणाला हाक मारावी लागली नाही. बायकांनी टोपल्या खाली ठेवल्या, पुरुषांनी बाह्या सरसावल्या आणि सगळे मागून भिडले.

"ढकलू नका! चालू आहे!" विनीता ओरडली.

"चालू होईल, होईल!" मागून उत्तर. "जोर लावा!"

खोटं कशाला बोलू, बाइक लावून मीही पळालो. दहाजण ढकलताहेत आणि आपण बघत उभं राहायचं, हे हातांना पटत नाही.

एवढ्या हातांच्या जोराने मागचा गोल पत्रा आत दबला आणि चाकाला घासायला लागला. रबराचा वास आला. गाडी थांबली. चाकांमागे दगड लावले.

"बघ," एक बाई समजुतीच्या सुरात विनीताला म्हणाली, "बंदच पडली होती."

विनीता उतरली. गाडीखाली वाकून बघितलं. आजोबा समोर बघत बसले होते, पांढरा शर्ट, सरळ पाय. वर पाडा दिसत होता, कौलांवरचा धूरसुद्धा दिसत होता. इथून परत फिरायचं म्हणजे काय, ते मला त्यांच्या मानेकडे बघून कळलं.

विनीताने पाना घेतला आणि चाक झाकणारा तो पत्रा उघडून काढला. सगळ्या गाडीत सगळ्यात सुंदर काम तेच होतं. महिनाभर ठोकला असेल. तिने तो माझ्या हातात दिला. "धरा. वर घेऊन या."

मग ती बसली. दगड काढले. आणि सवयीने सगळे हात पुन्हा गाडीच्या पाठीवर आले.

तेव्हा आजोबा मागे वळले आणि त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाले. मोठ्याने नाही. पण सगळ्यांनी ऐकलं. त्याचा अर्थ विनीताने मला नंतर सांगितला, 'ती ठेकेदाराची होती. ही आपली आहे. हात काढा.'

हात निघाले. पण खाली गेले नाहीत. गाडीपासून वीतभर अंतरावर तसेच थांबले, न जाणो घसरली तर. क्षणभर गाडी जागची हलली नाही. मग वीतभराचं हातभर झालं. हातभराचं दोन हात. माणसं हात पुढे धरून तशीच उभी आणि गाडी वर, काही न बोलता, खडी करकरवत, एकटी. राकेश माझ्या शेजारी होता. त्याचेही हात अजून पुढेच होते.

मी पत्रा डोक्यावर घेऊन धापा टाकत पोचलो तेव्हा गाडी पाड्यावरच्या मोहाच्या झाडाखाली उभी होती. जानीआजी काठी टेकत घरातून आली. भावाकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ गाडीच्या मागे गेली. वाकून बघितलं. मागे कुणीच नव्हतं. खाली चढावर लांब माणसं दिसत होती, अजून चालत येत असलेली.

तिने काहीतरी विचारलं. विनीता हसत हसत रडायला लागली आणि मला म्हणाली, "विचारतेय, ढकलणारे कुठे आहेत?"

आजोबांनी शेजारच्या सीटवर दोनदा हात आपटला. विनीता उतरली, आजी चढली. पाच मिनिटं दोघं गाडीत बसून होती, समोर बघत. काय बोलली ते मला कळलं नाही, विचारलंही नाही.

मग ते गाठोडं उघडलं. गूळ होता. खालून आलेल्या प्रत्येकाच्या हातावर आजोबांनी स्वतः खडा ठेवला. 'जोर लावा' म्हणणाऱ्याला ठेवला, 'बंदच पडली होती' म्हणणाऱ्या बाईला ठेवला, पत्रा धरून उभ्या असलेल्या मलाही ठेवला. म्हणाले (विनीतामार्फत), "हा न ढकलल्याबद्दल."

जायचं असेल तर पाऊस संपल्यापासून होळीपर्यंत जा. सकाळी स्वेटर लागतो. पेट्रोल विसरवाडीत भरून घ्या, वर मोबाइलला रेंज नाही. विनीताचा पत्ता मागू नका, मी देणार नाही. पण त्या रस्त्यावर कुठेही थांबलात तर चहा मिळेल आणि घाईत असाल तर त्यांना वाईट वाटेल.

सोमवारी मी कोंडाईबारीच्या घाटाने परत आलो. सरळ. कुठेही न वळता. मलाच नवल वाटलं. टपरीवाले काका, वाढणारं ते घर, आपल्या म्हाताऱ्याच्या पायाच्या मापाची गाडी बनवणारी विनीता, या सगळ्यांचे आभार मनात इतके झाले होते की आणखी कशाला जागा नव्हती.

घरी आईने जॅकेट धुवायला घेतलं. खिशात हात घातला आणि ओरडली, "हा गूळ कुठला? चिकटला सगळा!"

"मिळाला."

"काय केलंस एवढं गूळ मिळायला?"

"काही नाही," मी म्हटलं. "हात काढून घेतले."

तिला काही कळलं नाही. पण तिने तो खडा टाकला नाही. खिशातून सोडवला, चिकटलेले धागे काढले आणि अर्धा मला दिला.