अपूर्वाची तांबी

अपूर्वा गावडे माझी शेजारीण. दहिसरला नदीकडच्या चाळीत आमच्या दोघींच्या घरांमध्ये भिंत एकच, आणि तीही इतकी पातळ की तिच्याकडं मिरचीची फोडणी पडली की ठसका मला लागतो. त्यामुळं मी सांगतेय ते ऐकीव नाही. निम्मं भिंतीतून आलेलं आहे, उरलेलं अपूर्वाने माझ्या ओट्याला टेकून सांगितलेलं. आणि मी तिच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून ठेवते. दुसरी बाजू ऐकायची असेल तर तिच्या सासूकडं जा.

दिसायला बाई गरीब गाय. बोरिवलीत दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची, पेशंटना वेळ द्यायची. लेकीच्या, श्रुतिकाच्या, बाळंतपणात तिचं बीपी एवढं चढलं की डॉक्टरांनी देवेशला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, बाजूला घेऊन बजावलं, तीन वर्षं दुसऱ्याचं नाव काढू नका. तिथंच तिने तांबी बसवून घेतली. डॉक्टर लोक कॉपर-टी म्हणतात, आमच्याकडं सगळ्याजणी तांबीच म्हणतात. माझीही आहे. पाचवं वर्ष चाललंय, ती आहे हे मला आठवतही नाही.

अपूर्वाला मात्र त्रास झाला. पोरीचं अंगावरचं दूध तुटलं, पाळी परत सुरू झाली आणि चार दिवसांची होती ती नऊ-नऊ दिवस जायला लागली. संपली म्हणावं तोवर पुन्हा थेंब थेंब. पहिले काही महिने असं होतं, मग बहुतेकींचं कमी होतं, हे बसवताना तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ते मी सांगितलं. तिची सोसायची तयारी होती, कारण ते बाळंतपण तिला परत नको होतं. पण अडचण रक्ताची नव्हती, सासूची होती.

सुगंधाकाकी मालवणकडच्या. पाळी आली की सून चार दिवस बाहेरची. आता दोन खोल्यांच्या घरात बाहेर म्हणजे कुठं? दाराजवळ चटई, वेगळं ताट, वेगळी उशी. देव्हारा नेमका ओट्याच्या वर, म्हणून ओटा बंद. हे चार दिवस काकी कसेबसे रेटायच्या. नऊ दिवस आपल्यालाच रांधावं लागतंय म्हटल्यावर त्यांचा देव एकदम कडक झाला.

“महिन्याचे पंधरा दिवस इटाळ? देवाक चलाचा नाय. काढून टाक ती तांबी.”

हे रोज. सकाळी, संध्याकाळी, पाहुण्यांसमोर. शेवटी देवेश म्हणाला, “काढ ना यार, घरात नुसती कटकट चाललीय. मी घेईन काळजी.”

मी घेईन काळजी! या एका वाक्यावर विश्वास ठेवून किती बायकांची वाट लागलीय, देव जाणे. मी भिंतीपलीकडून ऐकलं आणि देवेशच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

काढायला मीच बरोबर गेले. सिस्टरने कारण विचारलं, अपूर्वा खाली बघत राहिली. सिस्टरने मग लिहिलं, जास्त रक्तस्राव. तिथं सगळ्यांचं तेच लिहितात. सुगंधा गावडे असं लिहायला तिथं रकाना नव्हता.

देवेशची काळजी होळीपर्यंत पुरली. अपूर्वाचे दिवस चुकले. बीपी पुन्हा वर, जुने कागद बघून डॉक्टरांचा चेहरा उतरला, आणि गोळ्या देऊन, गर्भ पाडून तिला मोकळं केलं. रक्त आठवडेच्या आठवडे जात राहिलं. नोकरीवर दुसरी मुलगी आली. आणि काकी? “नशिबात होता,” म्हणाल्या आणि दाराजवळ पुन्हा तीच चटई अंथरली.

त्या चटईवर अपूर्वा एकदाही रडली नाही. मला त्याचीच भीती वाटली. बरी झाल्यावर माझ्याकडं आली, चहात खारी बुडवत म्हणाली, “प्रियंका, तिला विटाळ पाळायचाय ना? आता बघ मी कसा पाळते ते.”

पहिला नंबर भजनी मंडळाचा लागला. सगळ्या बायका काकींकडं जेवायला. सकाळी कणीक मळायच्या वेळेला अपूर्वा मधासारख्या आवाजात म्हणाली, “आई, मी बाहेरची झाले हो.” आणि चटईवर पाय लांब करून मोबाइल बघत बसली. काकी एकट्या पुऱ्या लाटून घामाघूम. मग वटपौर्णिमा. मग श्रावणातला सत्यनारायण. ज्या दिवशी घरात माणसांची रीघ, त्या दिवशी हिला कावळा शिवलेला. भिंतीपलीकडं मी तोंडात पदर कोंबून हसायचे.

काकी काही दुधखुळ्या नाहीत. “तांबी काढलंस ना गो? मगे ह्या परत कसा?”

“काढल्यापासून जास्तच बिघडलंय, आई. तुम्हीच म्हणालात ना, देवाला चालत नाही. मी कशी शिवणार?”

खरं-खोटं तपासणार कोण? त्यांच्याच सोवळ्यात त्यांचेच हात बांधलेले.

गणपतीत तिने कळस केला. गावड्यांचा गणपती पाच दिवसांचा, अख्खं गोत जेवायला. चतुर्थीला पहाटे हिने जाहीर केलं आणि सरळ माझ्या घरी येऊन पंख्याखाली आडवी झाली. काकींच्या हाताला कंप आहे, उकड काही जमेना, मोदक फुटायला लागले. देवेशला ओट्यापाशी उभं केलं, त्याने वाफेने बोटं भाजून घेतली. शेवटी नैवेद्याला नाक्यावरच्या दुकानातून मोदक आले. सांताक्रूझच्या चुलतसासूबाईंनी एक तोंडात टाकला आणि विचारलं, “सुगंधा, ह्ये विकतचे?” ते ऐकून अपूर्वा उशीत तोंड खुपसून एवढी हसली की मला वाटलं हिचा श्वास अडकतोय.

दुसरा दिवस ऋषिपंचमीचा. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, आणि व्रत कशासाठी, तर पाळीत चुकून कुठं शिवाशिव झाली असेल तर ते पाप फिटावं म्हणून. काकी वर्षानुवर्षं धरतात. आमच्या घरात हे काही नाही, आमच्या आजीच्या वेळेलाच ते सुटलं. अपूर्वा सकाळी माझ्या मोरीतून बाहेर आली आणि म्हणाली, “घे. आज खरंच आली.” आम्ही दोघी परत हसलो.

ते हसू दुपारी संपलं. श्रुतिका गॅलरीत पळताना उंबऱ्याला अडखळून पडली. हनुवटी फुटली, रडून आकांत. अपूर्वा धावली, उचलायला हात पुढं केले. आणि एवढीशी पोर, नीट अडीच वर्षांचीही नाही, रडता रडता मागं सरकली. हात पाठीमागं लपवले.

“शिवू नको. तू बाहेरची.”

आणि आज्जीकडं पळाली.

अपूर्वा तशीच वाकलेली राहिली. चार महिने तिने सासूला जेरीस आणलं आणि ते बघून पोर शिकली काय, तर आईला शिवायचं नसतं. तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला. खोटं सांगायचं नाही, तिची मला भीती वाटली.

आरतीच्या वेळी घर भरलेलं. काकींच्या हातात तबक, निरांजनं पेटलेली. अपूर्वा सरळ आत गेली. आधी श्रुतिकाला उचलून कडेवर घेतलं. पोर ओरडली, तिने घट्ट धरलं.

“अगो, भायर हो!” काकी किंचाळल्या.

“आई, इतके दिवस खोटं बोलत होते. काल काहीच नव्हतं. वटपौर्णिमेलाही नव्हतं. आज आहे. आज सकाळी आलीय.” आणि तिने तबक काकींच्या हातातून काढून घेतलं. “तुमच्यामुळं माझं काय काय गेलं ते तुम्हाला माहितीय. देवेशलाही माहितीय. आता माझी पोर माझ्यापासून लांब पळते. तेवढं मी देणार नाही. उद्या जाऊन तांबी बसवून घेणार आहे. कुणाला काही बोलायचं असेल तर आत्ता बोला, सगळे आहेत.”

चुलतसासूबाई पदराशी चाळा करत राहिल्या. काकी व्रताच्या दिवशी भिंतीला पाठ लावून उभ्या, आणि पुढं होऊन तबक ओढून घ्यायचं तर हिला शिवावं लागणार.

“देवेश, आरती सुरू कर,” अपूर्वा म्हणाली. त्याने आईकडं बघितलं, मग बायकोकडं, आणि सुरू केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. या दिवसांत बसवलेली बरी, असं सिस्टर म्हणाली, आणि पहिले महिने जास्त जाईल हेही या वेळी नीट सांगितलं.

तसंच झालंय. अजून नऊ-नऊ दिवस जातं. त्या नऊही दिवस अपूर्वा देव्हाऱ्याखालच्या ओट्यावर भाकऱ्या थापते, श्रुतिका तिच्या पायांशी लुडबुडते, आणि सुगंधाकाकी समोर बसून मुकाट्याने जेवतात.