काचवाल्याने निवडलेला सायलेन्सर

काचवाल्याच्या पिकअपइतकी अलगद चालणारी गाडी आमच्या भागात दुसरी नव्हती. मागे तिरकी लाकडी चौकट, तिला गोणपाट गुंडाळलेलं आणि त्यावर टेकवलेल्या माणसाहून उंच काचा. खड्डा आला की झोपलेलं मूल खांद्यावरून गादीवर ठेवावं तशी तो गाडी उतरवायचा. मी फोटोंच्या फ्रेमा बनवतो. माझी सगळी काच त्याच्याकडूनच यायची, त्यामुळे त्याच्या घरी रोजचं जाणं-येणं होतं. पुढे जे झालं त्यातलं बरंचसं मी स्वतः पाहिलं, उरलेलं त्याच्या बायकोने सांगितलं.

घर दोन भावांचं. पुढच्या खोल्या काचवाल्याच्या, मागची मोठी खोली धाकट्याची, आणि मधल्या फरसबंद अंगणात पिकअप. वडील जाताना तशी वाटणी करून गेले होते. धाकटा पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला होता. सकाळी आठला यायचा तो भुवयांवर पीठ घेऊनच. आंघोळ करायचा, दोन वर्षांच्या मुलीला थोडं खेळवायचा आणि नऊला झोपायचा. दोघांची आई तो नऊ वर्षांचा असतानाच गेली होती. तेव्हापासून काचवाल्याच्या बायकोने त्याला वाढवलं. तो तिला वहिनी म्हणायचा, पण ताप चढला की तोंडातून आईच निघायचं.

भांडण त्या मागच्या खोलीवरून होतं. तिथली जमीन सपाट होती आणि भिंतींना ओल नव्हती. पुढच्या खोलीत काचांवर ओलीचे पांढरे डाग पडायचे आणि ते काही केल्या निघायचे नाहीत. काचवाल्याने भावाला सांगितलं, कारखान्याजवळ एखादी जागा बघ, ही खोली मला लागते. धाकटा भांडला नाही. एवढंच म्हणाला, की बाबांनी ती मला दिलीय, दादा. काचवाल्याला तेच जिव्हारी लागलं. ज्याला सायकलवर बसवून शाळेत सोडलं, तो आज आपल्याला वाटणी शिकवतो, हे त्याने मला त्या वर्षात निदान वीसदा ऐकवलं असेल.

एके दिवशी तो मला म्हणाला, चल, गाडीला सायलेन्सर बघायचाय. जुना ठणठणीत होता. गंजला असेल आतून, असं मला वाटलं.

सायलेन्सरवाल्याच्या दुकानात छतापासून जमिनीपर्यंत नळकांडी टांगलेली. त्याच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते. माणूस बोलका आणि आपल्या कामात पक्का. त्याने आधी विचारलं, माल काय वाहता. काच म्हटल्यावर तो सावध झाला. म्हणाला, मग तुम्हाला कमी थरथरणारा हवा, कंपनीच्या सायलेन्सरसारखाच पण स्टेनलेस स्टीलचा, दहा वर्षं बघायला नको. त्याने एक लांबट डबा खाली काढून दाखवला. काचवाल्याने तो हातातही घेतला नाही.

मग सायलेन्सरवाल्याने दुसरा दाखवला, त्यातून धूर मोकळा जातो आणि चढावर गाडी दमत नाही. काचवाल्याला चढाशी कर्तव्य नव्हतं. त्याने विचारलं, उभ्या गाडीत कुठला जास्त वाजतो?

सायलेन्सरवाला हसला. पोरं येतात ती रस्त्यावरचा आवाज विचारतात, म्हणाला, उभ्या गाडीचा विचारणारे तुम्हीच पहिले. पण प्रश्न त्याच्या आवडीचा होता, म्हणून त्याने मन लावून उत्तर दिलं. मधला डबा नसलेला सरळ पाईप घेतला तर आवाज नुसता मोठा होत नाही, घुमतो. इंजिन हळू चालत असताना तर फारच. हा घुमणारा आवाज कानावर हात ठेवून थांबत नाही. भिंतीतून जातो. अंगणात उभ्या माणसापेक्षा बंद खोलीतल्या माणसाला त्याचा जास्त त्रास. म्हणून घराला लागून गाडी लावणाऱ्यांना मी तो देत नाही, तो म्हणाला.

"तोच द्या," काचवाला म्हणाला.

तिथेही तो थांबला नाही. रस्त्यावर गाडी शांत हवी, नाहीतर गिऱ्हाईक तुटेल आणि पोलीस धरतील. तेव्हा सायलेन्सरवाल्याने तोड काढली. पाईपला मध्येच फाटा आणि फाट्यावर झडप. झडपेची तार सीटखाली आणायची. तार ओढली की धूर सरळ बाहेर, सोडली की नेहमीसारखा डब्यातून. काचवाल्याने चार पाईप लावून बघितले. प्रत्येक वेळी मला गाडीत बसवायचा, काचा वर करायला लावायचा आणि विचारायचा, आत कसं वाटतं. चौथ्याला माझ्या दातांत कळ आली. मी तसं सांगितलं. त्याने तो घेतला आणि पाईपचं तोंड मागे न काढता डाव्या अंगाला काढून घेतलं. अंगणात गाडी लावली की डावीकडे धाकट्याची खिडकी येते, हे मला परतीच्या वाटेवर आठवलं. मी ब्र काढला नाही. माझी काच त्याच्याकडून यायची.

दुसऱ्या दिवसापासून तो साडेनऊला गाडी सुरू करायचा. वीस मिनिटं. मग अकराला पुन्हा. दुपारी फेरी करून आला की काचा उतरवेपर्यंत इंजिन चालूच. रस्त्याला लागताना तार सोडायचा आणि गाडी पूर्वीसारखी गुपचूप जायची, त्यामुळे बाहेर कुणाला पत्ता नव्हता. धाकटा पहिल्या आठवड्यात बनियनवरच बाहेर आला आणि विचारलं, दादा, गाडीला काय झालंय. काचवाला म्हणाला, पाईप फुटलाय, करून घेतो. धाकट्याने विश्वास ठेवला. बायकोलाही समजावलं, की दादाची अडचण आहे.

महिना गेला तरी पाईप दुरुस्त होईना, तेव्हा सुट्टीच्या दिवशी धाकटा पान्हा घेऊन स्वतःच गाडीखाली गेला, दादाला वेळ मिळत नसेल म्हणून. मी तेव्हा अंगणात काच निवडत होतो. तो बराच वेळ खाली पडून होता. बाहेर आला तेव्हा पाठीला ग्रीस लागलेलं होतं. पान्हा पुसून त्याने जागेवर ठेवला, दारात उभ्या भावाकडे बघितलं आणि घरात गेला.

त्यानंतर त्याने विचारणं सोडलं. कानात कापूस घालून बघितला, गादी आतल्या भिंतीला नेली, काही दिवस बागेतल्या बाकावर झोपला. तिथून राखणदाराने हाकललं. महिन्याभरात त्याचे डोळे खोल गेले, चालता चालता झोक जायला लागला. मुलगी आवाज सुरू झाला की टेबलाखाली जाऊन बसायची. एकदा काचवाल्याच्या बायकोने सीटखालची तार पक्कडीने कापली. काचवाल्याने तिला ओरडून विचारलंही नाही. नवी तार आणली आणि ती जोडेपर्यंत तिलाच टॉर्च धरून उभं केलं. उजेड हलला की म्हणायचा, नीट धर.

चौथ्या महिन्यात पाळी संपायच्या बेताला धाकट्याला उभ्या उभ्या डुलकी लागली आणि उजवा हात कणीक लाटणाऱ्या रोलरमध्ये गेला. मनगटापर्यंत.

ती बातमी घेऊन धाकट्याची बायको अंगणात आली तेव्हा काचवाला गाडीत बसून साडेनऊची पाळी करत होता. ती गाडीसमोर उभी राहून बोलत होती. त्याला काही ऐकू येत नव्हतं. त्याने कानामागे हात नेऊन खूण केली, पुन्हा सांग. तिने पुन्हा सांगितलं. त्याने दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा खूण केली. इंजिन बंद केलं नाही. पुढे कधीतरी तोच मला म्हणाला, मला वाटलं शेवटी ती शिव्या द्यायला आली, म्हणून मजा वाटत होती. आतून त्याची बायको धावत आली, तिने किल्ली फिरवली, आणि मग ते वाक्य त्या शांत अंगणात चौथ्यांदा बोललं गेलं.

हात वाचला नाही. धाकटा महिन्याने घरी आला तो सामान बांधायलाच. सासऱ्यांच्या गावी जाणार होता. मी आणि काचवाल्याच्या बायकोने खोकी भरली. निघताना तो गाडीला टेकून उभ्या असलेल्या भावापाशी गेला.

"हा पाईप तू निवडलास, की दुकानवाल्याने दिला?"

"मी निवडला."

"किती वेळ लागला?"

काचवाल्याने जरा आठवून सांगितलं, "अर्धा दिवस."

धाकट्याने मान हलवली, डाव्या हाताने खोलीची किल्ली त्याच्या खिशात टाकली आणि वहिनीच्या पाया पडून निघाला.

खोली काचेला फार छान लाभली. एकही डाग नाही. काचवाल्याचा धंदा वाढला, मोठ्या दुकानांची कामं मिळाली. पाईप त्याने त्याच आठवड्यात काढून टाकला, आता त्याचा उपयोग नव्हता. बायको दोन वेळचं जेवण वाढते, विचारलं तेवढं बोलते आणि वर्षातून दोनदा न विचारता धाकट्याकडे जाते. तो तिथे एका गोदामाच्या फाटकावर गाड्यांचे नंबर डाव्या हाताने लिहितो.

तीन वर्षांनी काचवाला पहिल्यांदा तिच्याबरोबर गेला. का गेला ते त्यालाही नीट सांगता आलं नाही. धाकट्याने बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मुलगी आता पाच वर्षांची. ती काकूच्या मांडीवर जाऊन बसली आणि तिने वडिलांना विचारलं, हे कोण. काचवाला तिच्याकडे बघून हसायला लागला होता.

"काचवाले आहेत," धाकटा म्हणाला. "आपल्या खिडकीचं माप घ्यायला आलेत."

स्वयंपाकघराच्या खिडकीची एक काच खरंच फुटलेली होती, तिथे पुठ्ठा लावला होता. काचवाला उठला. खिशातून टेप काढला, उंची घेतली, रुंदी घेतली आणि तळहातावर पेनाने लिहून ठेवली. मुलगी टेपचं दुसरं टोक धरून उभी होती.

काच त्याने पुढच्या आठवड्यात बायकोच्या हाती पाठवली. बरोबर बसली, असं ती परत आल्यावर म्हणाली.