फाटक्या सुराचा हॉर्न

भूत, चकवा, अंगात येणं — यातलं मी काहीच मानत नाही. आमच्याकडे जंगल आहे, जंगलात आवाज होतात, आणि ते जनावरांचे असतात. एवढीच माझी समजूत. शाळा चौथीपर्यंत. पण गाडीच्या आवाजाच्या बाबतीत मला फसवणं कठीण. जीप दारावरून गेली तरी सांगते, पाटा तुटलाय की सायलेन्सर फुटलाय. म्हणूनच हे लिहितेय... जे ऐकलं ते या कानांनी ऐकलं, आणि कान अजून शाबूत आहेत.

माझं माहेर ब्रह्मपुरीकडचं. बाबा शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकायचे. पटात दोन जोड्या शेजारी शेजारी सुटतात. बाबांचं एकच सांगणं असे, "पोरी, आपन समोर असलो का लाइन सोडाची नाई. सोडली का गेली." दुसरं काही शिकवल्याचं आठवत नाही.

लग्न होऊन मुलचेऱ्याला आले. नवऱ्याने जुनी डिझेल जीप घेतली आणि मुलचेरा ते आष्टी सवाऱ्या नेऊ लागला. त्याला गाडीची आवड नव्हती, पोटासाठी चालवायचा. आवड मला. त्याच्याकडूनच शिकले आणि वर्षभरात त्याच्यापेक्षा बरी चालवू लागले. तो वारला, तेरावं झालं, चौदाव्या दिवशी मी सीटवर बसले. लोक कुजबुजले. मी म्हटलं, "बसाचं असन तं बसा, नाई तं संध्याकाळच्या बसची वाट पाहा." बसले.

त्याच रस्त्यावर सुबलदाची जीप होती. सुबलदा मुलचेऱ्याजवळच्या बंगाली गावातला. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, तरी सगळ्यांसारखी मीही त्याला दा म्हणायची; तो मला दीदी म्हणायचा. आमचा धंदा असा की जो नाक्यावर आधी पोचेल त्याच्या सवाऱ्या. म्हणजे रोजचा पटच. त्याच्या हॉर्नला दोन सूर होते. पहिला खणखणीत, दुसरा घसा बसल्यासारखा फाटका. एकदा बैलाने धडक दिली तेव्हापासून तो तसाच. सुबलदा मागून तीनदा वाजवायचा, म्हणजे साईड मागायचा. साईड मिळाली की पुढे जाताना एक लांब हॉर्न, म्हणजे मेहरबानी. हा आमच्या लाइनीतला कायदा. तीन हॉर्न मी रोज ऐकले. लांब हॉर्न त्याला माझ्यासाठी कधी वाजवावाच लागला नाही.

नाक्यावर तो हसायचा. "दीदी, रास्ता आपके बाप का है क्या?"

"बापाचा नाई, पन माह्या बापाची शिकवन आहे."

एका बाजारच्या दिवशी ओढ्यावरचा बुटका रपटा ओलांडल्यावर तिसऱ्या वळणावर त्याने साईड मागितली. तिथे डाव्या हाताला मोहाचं जुनं झाड आहे, उजव्या हाताला खोल नाली. मी दिली नाही. तो उजवीकडून कच्च्यावर उतरला. मी गाडी अजून थोडी उजवीकडे घेतली.

हे मी कितीतरी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. घेतली. आरशात त्याची जीप नालीत कलंडताना पाहिली. थांबले नाही. नाक्यावर सवाऱ्या भरल्या, परतले, तोवर लोकांनी त्याला नेलं होतं. पाय मोडला होता. तो सगळ्यांना म्हणाला, स्टेअरिंग जाम झालं. माझं नाव घेतलं नाही.

त्याचा पाय कायमचा आखडला. जीप भंगारात गेली. तो घरामागच्या तळ्यात मासे पाळू लागला. मी अजून काही वर्षं धंदा केला, मग सोडला. आता जीप माझ्यापुरती. चाळीसच्या वर नेत नाही. सकाळी सुरू करते, इंजिन तापेपर्यंत शेजारी चहा पीत बसते, बाजाराला जाते, परत येते. गाडीची खरी मजा हळू चालवण्यात आहे, हे कळायला इतकी वर्षं लागली. पळवताना फक्त पुढचं दिसतं.

गेल्या वर्षी सुबलदाला लकवा झाला. त्याच्या बायकोने, जिला सगळे बौदी म्हणजे वहिनी म्हणतात, तीनदा निरोप पाठवला. एकदा येऊन जा. मी गेले नाही. काय बोलणार होते? घरात शिरले असते तर ते सांगावं लागलं असतं, आणि तो तर आता जाणार असं सगळे म्हणत होते. रोज वाटायचं, तो जायच्या आधी बोललं पाहिजे. रोज दुसरं काम काढायची.

तो दिवस चैत्रातला. सकाळचे साडेअकरा. नणंद शेवंताची कवळी आष्टीला तयार होती, ती आणायला आम्ही दोघी निघालो. रस्ता मोकळा, सागाची पानं झडून रस्ताभर पडलेली. रपटा ओलांडला. तिसऱ्या वळणाच्या अलीकडे मागून हॉर्न आला.

तीनदा. पहिला सूर खणखणीत, दुसरा फाटका.

आरशात पाहिलं. रस्ता रिकामा.

पुन्हा तीनदा. आता अगदी मागे. पाठीला इंजिनची धग लागावी इतक्या जवळ. भीती वाटली का? नाही, राग आला. हात आपोआप उजवीकडे वळायला लागले, जुन्या सवयीने... आणि मग मलाच काय झालं कोण जाणे. मी गाडी डावीकडे घेतली. पार मोहाच्या झाडाखाली, चाकं कच्च्यावर. थांबले. खिडकीतून हात काढून इशारा केला — जा.

उजव्या बाजूने काहीतरी गेलं. रस्त्यावरची पानं एका पट्ट्यात उठली आणि बसली. मग एक लांब हॉर्न. पुढे जात जात वळणापलीकडे संपला.

"काऊन थांबली व?" शेवंता म्हणाली.

"हॉर्न आयकला का?"

"कोनाचा हॉर्न? मले तं कुकरची शिटीबी आयकू येत नाई." तिची साक्ष कामाची नाही.

झाडाखाली एक बाई मोहफुलं वेचत होती. तिने कंबर सरळ करून रस्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हसली. "कोनाले साईड देऊन राह्यली व बाई?" म्हणाली आणि पुन्हा वेचायला वाकली.

तुम्ही म्हणाल, पुढे पूल खचला असेल, वाघ बसला असेल, हत्तींचा कळप आला असेल, म्हणून कोणीतरी थांबवलं. मलाही तसंच वाटलं. उतरून वळणापलीकडे चालत गेले. काही नव्हतं. रस्ता चांगला होता.

मी जीप वळवली.

"आष्टी तिकडं आहे!" शेवंता ओरडली. "माहे दात!"

"तुहे दात कुठी पळून नाई जात."

बौदीचं अंगण मासळीच्या जाळ्यांनी भरलेलं. ती जाळं सोडवत होती. मला पाहून उठली, काही न विचारता आत घेऊन गेली. सुबलदा खाटेवर. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात पडलेला. डोक्याच्या वर भिंतीला खिळ्यावर तो हॉर्न टांगलेला होता. भंगारात देताना तेवढा काढून ठेवला होता म्हणे. मी हात लावून पाहिला. तार नाही, बॅटरी नाही, भोंग्यात गांधीलमाशीचं घर.

सुबलदाने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मग तोंड वाकडं करत, एकेक शब्द ढकलत म्हणाला, "दीदी... आज... साईड दिया."

बौदीने माझ्यासाठी आणलेला पाण्याचा गिलास खाली ठेवला. "पंधरा दिन से एक शब्द नहीं बोला," ती म्हणाली. "क्या बोल रहा है?"

मी तिथेच जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. मोहाचं झाड, उजवीकडे घेतलेली गाडी, आरसा, न थांबणं. वाटलं होतं, ती हाकलून देईल.

"मालूम है, दीदी," बौदी म्हणाली. "मैं उसकी जीप में पीछे ही बैठी थी उस दिन." आणि शेवंताकडे वळून विचारलं, चहात साखर किती.

इतकी वर्षं ती बाजारात मला भेटत होती. माझ्या पिशवीत दोन मासे जास्तीचे टाकत होती.

सुबलदा अजून आहे. थोडं बोलतो. म्हणून याला भूतही म्हणता येत नाही. झोपलेल्या माणसाचा, भिंतीवर टांगलेला, तार नसलेला हॉर्न जंगलाच्या रस्त्यावर कसा वाजतो, कोणाला माहीत असेल तर सांगा. मी त्यालाही विचारलं. तो डाव्या हाताने नुसता स्टेअरिंग फिरवल्यासारखं करतो आणि हसतो.

शेवंताचे दात दुसऱ्या दिवशी आणले. जाताना तिसऱ्या वळणावर मी गाडी डावीकडे घेतली, मोहाखाली. आता दर वेळी घेते. मागे कोणी असो, नसो.