चिबडातला पाणलावा

पलूसला आमचं खालचं रान उसाला पाणी पाजून पाजून चिबड झालंय. तिथं आता नुसता लव्हाळा आणि घोटाभर चिखल. गेल्या हिवाळ्यात चर खणायची जागा बघायला मी आणि आबा तिथं उतरलो. आबा म्हणजे माझे वडील, फौजेतून निवृत्त झालेले. शेजारच्या रानात चारच दिवसांपूर्वी एका बाईला घोणस चावली होती, म्हणून मी हातातलं खोरं सोडत नव्हतो.

अचानक आबांनी मूठ वर केली. फौजेतली खूण, थांब म्हणून. माझ्या पायापासून हातभर अंतरावर लव्हाळ्यात तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचं काहीतरी दबा धरून बसलं होतं.

"पाणलावा हाय," आबा हळूच म्हणाले.

हे नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. सापाचीच एखादी जात असणार असं वाटलं आणि मी खोऱ्याचा घाव घातला.

चिखलातून आबांनी लांब चोचीचा एक पक्षी उचलला. मुठीत मावेल एवढाच. मी उलट त्यांच्यावरच भडकलो, "मारू नको, एवढं म्हणायला काय झालं होतं तुमाला?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"नाव सांगितलं की रं तुला."