तगर की बोगनवेल

आमच्या लेआउटच्या, म्हणजे कॉलनीच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एकदा लांबलचक लेख टाकला होता. कंपाउंडच्या भिंतीलगत तगर लावावी की बोगनवेल, हा त्याचा विषय. जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस मी, त्यामुळे मुद्दे भरपूर होते आणि निवृत्तीनंतर ऐकून घेणारं कोणी उरलं नसल्यामुळे उत्साह त्याहून जास्त. बऱ्याच जणांनी पसंतीचे अंगठे टाकले, एकाने तर आपल्या भाच्याला पाठवायची परवानगी मागितली. त्या लेखातलं एक वाक्यही चुकीचं नाही, पण आयुष्यात इतकं खोटं मी दुसरं काही लिहिलेलं नाही. तो मी अजून पुसलेला नाही, अधूनमधून उघडून वाचतो.

नागपुरात हुडकेश्वरला आम्ही घर बांधलं तेव्हा आजूबाजूला निम्मे प्लॉट रिकामे होते. कोपऱ्याचा प्लॉट आमचा. बायकोने पहिल्याच वर्षी भिंतीला लागून तगर लावली, डबल पाकळीची. चार-पाच वर्षांत ती भिंतीवरून बाहेर वाकली आणि तिला बारा महिने पांढरीशुभ्र फुलं येऊ लागली. अशा झाडाच्या मालकाचं काय होतं हे नागपुरात सांगायला नको. सकाळी फिरायला निघालेला प्रत्येक माणूस खिशात एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवतो आणि घरी परततो तेव्हा त्याच्या देवाची सोय झालेली असते. कोणी विचारत नाही. विचारायची पद्धतच नाही. भिंतीच्या आतली फांदी घरवाल्याची, बाहेरची रस्त्याची, असा सर्वमान्य कायदा आहे.

मी चिडायचो. समोरचे रिटायर्ड इंजिनिअर तर छत्रीच्या दांड्याने आतली फांदी बाहेर ओढून घेत आणि मग ती आता बाहेर आहे म्हणून तोडत. मी खिडकीतून पुटपुटायचो, पण बाहेर जाऊन त्यांना एक शब्द बोललो नाही. उलट नजरानजर झाली तर हात वर करून नमस्कार करायचो. बायको म्हणायची, "देवालेच जातात न फुलं? मग कशाले जीव जाळता?"

मग एका पावसाळ्यात मागच्या गल्लीतल्या मावशी यायला लागल्या. सत्तरीच्या असतील. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाडीला, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला होता आणि नव्याने बांधलेल्या दोन खोल्यांत ते सगळे राहायला आले होते. मावशींच्या हातात पिशवी नसे, स्टीलचा डबा असे, आत ओलं फडकं घातलेला. त्या पूर्ण उमललेलीच फुलं घेत. देठातून चीक निघतो तो फुलाला लागू नये म्हणून प्रत्येक फूल तोडून क्षणभर उलटं धरत. मी वर्गात मुलांना चीक म्हणजे काय हे शिकवलं, पण फूल उलटं धरायचं मला कधी सुचलं नव्हतं. आणि सगळ्या कॉलनीत विचारून घेणाऱ्या त्या एकट्या.

"घेऊ का सर?"

"घ्या न मावशी."

हे रोज. मला ते आवडायचं. कोणीतरी मला झाडाचा मालक समजतं आहे याचं सुख होतं त्यात. मी त्यांचं उदाहरण बायकोला द्यायचो, बघ, याला म्हणतात वळण.

सहा-सात महिने असे गेले. थंडी सरत आली होती. एका सकाळी त्या नेहमीपेक्षा मोठा डबा घेऊन आल्या. पांढरी कोरी साडी नेसलेल्या. मी गेटपाशी पेपर वाचत उभा होतो. सहज विचारलं, "आज काय विशेष? कोणत्या देवाला?"

"पौर्णिमा आहे न सर आज. विहारात नेतो. बुद्धाले पांढरं फूल लागते."

मी म्हणालो, "अच्छा."

एवढंच. पेपरची घडी केली आणि आत आलो. त्यानंतर माझ्या मनात जे झालं ते लिहायला मला अजून जड जातं, पण लिहायलाच बसलो आहे तर लिहितो. मला ते आवडलं नाही. का आवडलं नाही, हे मी स्वतःलाही विचारलं नाही. कारण विचारलं असतं तर उत्तर एकच होतं आणि ते जातीचं होतं. ज्या माणसाने स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या डब्यातलं खाल्लं, भाषणात समतेवर बोलून टाळ्या घेतल्या, त्याला आपल्या झाडाचं फूल कुठे जातं हे कळल्यावर ते फूल द्यायचं जिवावर आलं. तोवर सहा महिने तेच फूल तिथेच जात होतं आणि मी "घ्या न" म्हणत होतो.

दुसऱ्या दिवसापासून मला फुलं कमी पडायला लागली. खरंच वाटायचं की झाड ओरबाडलं जातं आहे. दोन दिवसांनी मी मावशींना म्हणालो, "कळ्या राहू द्या जरा. घरी पूजेला लागतात." त्या कळ्यांना कधी हातसुद्धा लावत नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "हो सर." त्याच वेळी पलीकडून इंजिनिअर छत्रीच्या दांड्याने कळ्यांसकट अख्खी फांदी वाकवत होते. त्यांना मी नमस्कार केला.

त्या उन्हाळ्यात मी बोगनवेलीच्या प्रेमात पडलो. निदान तसं मी सगळ्यांना सांगत सुटलो. मुद्दे बघा. नागपूरच्या मे महिन्यात तगरीला रोज पाणी लागतं, एक दिवस चुकलं की ती मान टाकते. बोगनवेलीला पाणी जितकं कमी तितका बहर जास्त. तगरीवर बोटाएवढी हिरवी अळी येते आणि एका आठवड्यात झाड बोडकं करते. बोगनवेलीला कीड फारशी नाही. तगरीची फुलं दुपारपर्यंत तपकिरी होऊन खाली सडा पडतो, बोगनवेलीचा रंग झाडावर महिनाभर टिकतो. तिचा रंगीत भाग ही पाकळी नसून पान आहे आणि खरं फूल आत इवलंसं, फिकट असतं, हेही मी खुलवून लिहिलं. एक मुद्दा तेवढा लिहिला नाही. बोगनवेल कोणी देवाला वाहत नाही. ती भिंतीवर असली की सकाळी तुमच्या गेटाशी कोणी येत नाही.

लेख ग्रुपवर टाकला आणि बायकोला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती.

"तगरीले पाणी तुम्ही कधी टाकलं?" ती म्हणाली. "रोज मीच टाकत होती. मी तर काही म्हणलं नाही."

मी विषय बदलला. तिने बदलू दिला.

मृग लागल्यावर माळ्याला बोलावून तगर मुळापासून काढली. फांद्यांचा ढीग रस्त्याच्या कडेला पडला होता आणि खड्ड्यात बोगनवेलीचं रोप ठेवत होतो, तेवढ्यात मावशी डबा घेऊन आल्या. जागेवरच थांबल्या.

"काहून तोडलं सर?"

आणि मी त्यांना व्याख्यान दिलं. मातीचे हात, कपाळावर घाम, आणि तोंडाने पाणी, अळी, बहर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माझे मुद्दे संपले तेव्हा म्हणाल्या, "पाण्याचं खरं आहे." मग ढिगाकडे बोट करून म्हणाल्या, "फांदी नेऊ का यातली?"

"न्या न," मी म्हणालो. त्यांनी अंगठ्याएवढ्या जाड तीन फांद्या निवडल्या, पदरात गुंडाळल्या आणि गेल्या. मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची आज मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

बोगनवेल जोमाने वाढली. गडद गुलाबी, भिंत दिसेनाशी झाली. येणारेजाणारे फोटो काढायचे. गेटाशी मात्र कोणी थांबेना. सकाळचा पेपर मी शांतपणे, अगदी कंटाळा येईपर्यंत शांतपणे वाचू लागलो. घरच्या देवाला बाजारातून पुडी येऊ लागली, त्यात शेवंतीची चार शिळी फुलं आणि झेंडूचा चुरा.

दोन वर्षं झाली. श्रावणातल्या पौर्णिमेला आमच्याकडे सत्यनारायण ठरला होता. सकाळी पुडी उघडली तर फुलं आतल्या आत उकडून काळी पडलेली. गुरुजी नऊला येणार होते. मी म्हटलं, बाजारात जाऊन येतो.

"बाजार कशाले?" बायको म्हणाली. "मागच्या गल्लीत मावशीच्या दारात तगर फुलून राहिली. सारे तिथूनच नेतात."

"मग तू आण."

"तोडली तुम्ही. जा तुम्हीच."

ताम्हन हातात घेऊन मी निघालो. गल्लीच्या तोंडाशीच इंजिनिअर भेटले, पिशवी भरलेली. मी दबक्या आवाजात म्हणालो, "तुम्ही इथून नेता?" माझ्या आवाजात काय होतं ते त्यांना कळलं असावं, कारण ते थांबले. "मग? फुलाले काय झालं?" म्हणाले, "फक्त विचारून घ्या, म्हातारी कडक आहे," आणि हसत पुढे गेले. सगळी कॉलनी मनातून माझ्यासारखीच असेल, असं मी धरून चाललो होतो. निदान या माणसाला तर कधी काही वाटलंच नव्हतं.

मावशींच्या निळ्या फाटकाला लागून माझी तगर उभी होती. माझी म्हणतो, सवय जात नाही. माझ्या डोक्याच्या वर गेलेली, आमच्याकडे कधी नव्हती इतकी फुललेली. तिची अर्धी बाजू मुद्दाम सुतळीने ताणून रस्त्याकडे वळवलेली होती, चालणाऱ्याच्या हाताशी यावी अशी. मावशी पायरीवर बसल्या होत्या. पांढरी साडी, शेजारी तो मोठा डबा.

मी फाटकाशी उभा राहिलो. "या सर" म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो. शेवटी मलाच तोंड उघडावं लागलं.

"घेऊ का मावशी?"

त्यांनी माझ्या हातातल्या ताम्हनाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कोणत्या देवाले?"

रस्त्यावरून माणसं जात होती, कोणाचं लक्ष नव्हतं, तरी मला वाटलं सगळी कॉलनी थांबून ऐकते आहे.

"सत्यनारायण आहे घरी," मी म्हणालो.

"अच्छा," त्या म्हणाल्या.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. या क्षणी नाही म्हणाल्या तर बरं, असंही मला वाटून गेलं. त्यांना सांगावं, मावशी, पाण्याचं कारण नव्हतं ते, हे शब्द ओठांवर आलेही. पण जो माणूस वर्गात तासभर न थांबता बोलायचा, त्याला ते एक वाक्य जमलं नाही. आणि सांगून तरी काय, त्यांना ते त्या दिवशी खड्ड्यापाशीच कळलेलं होतं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "कळ्या राहू द्या. मले संध्याकाळी विहारात लागतात."

मी फुलं तोडली. प्रत्येक फूल उलटं धरून चीक निथळू दिला, त्या धरायच्या तसा. त्या बघत होत्या. एकाही कळीला धक्का लागू नये म्हणून मी एकेक फूल जपून खुडत होतो आणि ताम्हनभर फुलं तोडायला मला पुष्कळ वेळ लागला.

घरी आलो. बायकोने ताम्हन हातात घेतलं, फुलं बघितली आणि विचारलं, "काय म्हणाल्या?"

"घ्या म्हणाल्या," मी सांगितलं. बाकीचं तिला अजून सांगितलेलं नाही.